ओरे

दाभोळचा धक्का. चारच्या फेरीबोटीने
पलीकडून रुकय्याबी मुकादम आली,
तिकीट-खिडकीशी वाकून म्हणाली,
"जरा काम होता, मास्तर."

होता.
काम तर अजून व्हायचं होतं,
तिच्या पिशवीत होतं, चार घड्या घालून,
सुक्या बांगड्यांचा वास लागलेलं.
पण मागायचं असलं की आपण ते आधी भूतकाळात नेऊन ठेवतो,
समोरच्याला नाही म्हणणं जड जाऊ नये म्हणून.
फ्रेंच माणूसही पाव मागताना
क्रियापदाच्या शेपटाला एक 'रे' जोडतो,
आणि पाव हातात पडेस्तोवर
त्याची भूक जर-तरच्या मुलखात उभी राहते.

हे मी शिकलो एका मालवाहू बोटीच्या भटारखान्यात,
अकरा वर्षं कांदे सोलताना,
मार्सेयच्या रद्दीवाल्याने वजनावर दिलेल्या
पुठ्ठा गेलेल्या व्याकरणातून.
इथे त्याचा उपयोग शून्य.
तिकिटं मराठीतच फाटतात.

पत्र ल हाव्र बंदराच्या कचेरीचं.
आपला मुलगा मुदस्सर, वय सत्तावीस,
तेरा मार्चला बोटीवरून उतरला, परतला नाही.
पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. मनात.
"मोठ्यांदी वाचा. त्यांच्या बोलीत."
वाचलं: ओरे एते व्यू.
"ओ रे," ती म्हणाली. "हाक मारतात काय त्याला?"

नाही, रुकय्याबी. हे क्रियापद आहे.
पुस्तकातला पहिला अर्थ: दिसला असता.
म्हणजे दिसला नाही,
मध्ये काही आडवं आलं.
पण त्या अर्थाला 'सी' लागतो सोबतीला, आपला 'जर'.
'जर' नसलेला 'असता' म्हणजे
एका वल्ह्याची होडी, जागच्या जागी फिरते.
मी पत्र निवडलं, वरपासून शिक्क्यापर्यंत,
तांदूळ निवडावेत तसं.
'सी' नव्हता. एकसुद्धा.

आणि 'सी' नसला की हेच रूप
बातमीदाराच्या खिशात जातं:
आम्ही सांगतोय, पण हमी आमची नाही.
मी शब्द शोधत बसलो, 'समजते की', 'कथित',
सगळे कोर्टाच्या पायरीवर बसलेले.
"काय लिवलान हाय ता सांगा की!"
"दिसला म्हणे," मी म्हणालो.
मुदस्सर दिसला म्हणे. रूआं गावात, स्टेशनाबाहेर, एप्रिलात.

"म्हणे?"
म्हणे.
"कोन म्हणतो?"
ते लिहिलेलं नाही.
ते लिहावं लागू नये यासाठीच तर
हे रूप घडवलंय.
"सदरा कंचा होता आंगावर?"
मी पत्र उलटं करून पाहिलं, उगाच.

पाचच्या फेरीला ती गेली. मी तिकीट घेतलं नाही,
तरी तिने सुटे खिडकीत ठेवलेच.
दहा मिनिटांची खाडी.
कठड्याशी खारवणींच्या टोपल्यांत बसून
ती हात हलवून काही सांगत होती, एवढं दिसलं.

सहाला बोट परत आली,
दोर टाकता टाकता दत्या पावसे ओरडला,
"मास्तर, मुकादमणीचा पोरगा गावला!
फ्रान्सात टेशनावर कामाला हाय!"

म्हणजे 'म्हणे' मध्येच कुठेतरी पाण्यात पडला,
बहुतेक खांबाच्या वळणावर,
जिथे इंजिनाचा आवाज वाढतो.
मी दत्याला दुरुस्त केलं नाही.
दोन मोटारसायकली आणि एका टेम्पोची तिकिटं फाडली.

रात्री कचेरीला उत्तर लिहिलं.
त्याच्या आईला कळवाल तर बरं होईल,
कुणी पाहिलं, कधी पाहिलं,
शक्य झालं तर सदरा कोणता होता.
अदबीचं पत्र, म्हणून जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला
तेच शेपूट आलं.
मोठ्याने वाचून पाहिलं, चूक कानाला आधी कळते म्हणून.
रे, म्हणत गेलो.
रे.
रे.
व्याकरण बरोबर होतं.